कुंपणाकडची रांग

आमच्या मंडळीत पाच वर्षांतून एकदा दोन नाताळ यायचे. एक ठरलेला, आणि दुसरा महापालिकेची निवडणूक लागली की. या दुसऱ्या नाताळात पांढरेशुभ्र कपडे घातलेले पाहुणे रविवारच्या उपासनेला हजर व्हायचे. चपला दाराशी काढून आत यायचे आणि बघतात तर सगळी मंडळी बूट-चपला घालून बाकांवर बसलेली. मग एखादा हळूच मागे जाऊन चपला चढवून यायचा, एखादा तसाच अनवाणी वेदीसमोर उभा राहून हात जोडायचा. पाळकसाहेब त्यांना दोन शब्द बोलायला सांगायचे आणि ते दोन शब्द संपता संपायचे नाहीत. ‘ख्रिस्ती समाज हा शांतताप्रिय समाज आहे’ हे त्यातलं कायमचं वाक्य. ते ऐकून आमचे म्हातारे खूश व्हायचे. मला मात्र त्याचा अर्थ एवढाच लागायचा की यांना काही नाही दिलं तरी हे ओरडत नाहीत. भाषणाच्या शेवटी आश्वासन यायचं, तुमच्या कबरस्तानाला पक्की भिंत बांधून देऊ.

ही भिंत मी जन्मल्यापासून येत होती. कबरस्तान शहराच्या कडेला होतं, म्हणजे माझ्या आजोबांच्या काळी कडेला होतं. पुढे नाशिक वाढलं, मळे मोडून प्लॉट पडले, आणि कबरस्तानाच्या तीन बाजूंना कॉलन्या उभ्या राहिल्या. चौथ्या बाजूला, पश्चिमेला, तारेचं कुंपण आणि पलीकडे मोकळं रान. त्या कुंपणालगत लहान मुलांच्या कबरी होत्या. आम्ही सगळे तिला ‘कुंपणाकडची रांग’ म्हणायचो. त्या रांगेत माझा मोठा भाऊ होता. मी जन्मायच्या आधीच, दोन वर्षांचा असताना, तो तापानं गेला. आई घरात त्याच्याबद्दल बोलत नसे. अधूनमधून खुरपं पिशवीत टाकून जायची, त्याच्या कबरीवरचं गवत काढायची, दगड पुसायची आणि परत येऊन शिवायला बसायची.

शिवण हा तिचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत तिचा शिवणक्लास चाले. वॉर्डातल्या सगळ्या जातींच्या, सगळ्या धर्मांच्या मुली आणि सुना तिच्या हाताखालून गेलेल्या. चर्चमध्ये ती कुणाची काकू होती, कुणाची मावशी, पण वॉर्डात ती ‘शिवणाच्या बाई’. वडील नाशिक रोडला सरकारी प्रेसमध्ये नोकरीला होते. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचे आणि जगातल्या बहुतेक गोष्टींवर त्यांचं ‘बघू’ हे एकच मत असायचं.

नव्वदच्या दशकातल्या एका निवडणुकीआधी बातमी आली की विकास आराखड्यातला नवा रस्ता कबरस्तानाच्या पश्चिम कडेवरून जाणार. पट्टा फार रुंद नव्हता. कुंपणाकडच्या रांगेएवढाच होता. उपासनेनंतर हॉलमध्ये सभा भरली. प्रार्थनेनं सुरुवात झाली. आमच्यात सभा कितीही तापायची असली तरी सुरुवात आणि शेवट प्रार्थनेनं होतो, त्यामुळे शिव्या द्यायला मधला वेळच तेवढा मिळतो. चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, “आपण निवेदन देऊ, बाकी परमेश्वर बघेल. राजकारण आपलं काम नाही.”

आई मागच्या बाकावरून उठली. “प्रार्थना आपण दर रविवारी करतोच की. पण रस्ता कुठून न्यायचा हे जिथं ठरतं तिथं आपलं माणूस नको का बसायला?”

झालं. वॉर्ड त्या वेळी महिलांसाठी राखीव होता. एरवी तिकिटाच्या गोष्टी करणारे आमचे दोन-तीन पुरुष त्यामुळे एकदम मोकळे झाले आणि सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. सेक्रेटरींनी लगेच ठराव मांडला. इतकी एकी मी आमच्या मंडळीत आधी कधी पाहिली नव्हती. घरी येताना मी आईला विचारलं, तू हे कशासाठी करतेयस. ती म्हणाली, “दुसरं कशासाठी? माझं पोर आहे तिथं.”

कुठल्या पक्षानं विचारलं नाही, म्हणून ती अपक्ष उभी राहिली. निशाणी म्हणून तिनं शिवणयंत्र मागितलं. ते दुसऱ्या कुणाला गेलं आणि हिच्या वाट्याला छत्री आली. थंडी नुकती संपलेली, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि आम्ही काळ्या छत्र्या उघडून वॉर्डभर फिरतोय. लोक गच्चीवरून विचारायचे, “पाऊस कुठंय?” मी तेव्हा एका खासगी शाळेत शिकवत होते. शाळेतली मुलं रस्त्यात दिसली की छत्री मिटून घ्यावीशी वाटायची. वडील सरकारी नोकर, त्यामुळे प्रचारात त्यांच्या तोंडाला कुलूप. ते त्यांना मनापासून आवडलेलं होतं. आम्ही बाहेर पडलो की ते शांतपणे पेपर वाचत बसायचे.

तरी हवा आईची होती. हे मी आता तटस्थपणे सांगू शकते. ज्या घराचं दार वाजवावं तिथं तिनं शिकवलेली एखादी बाई निघायची, आत बोलवायची, सासूला सांगायची, “याच त्या बाई.”

समोर मोठ्या पक्षाची उमेदवार होती, आणि तीही आईचीच विद्यार्थिनी. भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्या एका मळ्यातली सून. नवरा पक्षाचा जुना कार्यकर्ता. वॉर्ड महिलांचा झाला म्हणून त्यानं बायकोला उभं केलं. पोस्टरवर तिच्यापेक्षा त्याचा फोटो मोठा. ती जीपमध्ये हात जोडून उभी राहायची आणि माइक त्याच्या हातात. सगळ्या प्रचारात तिचा आवाज कुणी ऐकला नाही.

मतदानाला दहाबारा दिवस राहिले असताना आमची चौकात सभा झाली. आई भाषण करणारी बाई नव्हे, पण त्या दिवशी तिला सूर सापडला. “समोरची उमेदवार माझ्याकडे शिवण शिकली आहे,” ती म्हणाली. “दोरा तुटला तर सांगायची नाही. सुई मोडली तर सांगायची नाही. मी विचारेपर्यंत मशीन बंद करून बसून राहायची. जिला माझ्या क्लासात तोंड उघडता आलं नाही, ती महापालिकेत तुमच्यासाठी काय तोंड उघडणार? तिथं नवऱ्याला शेजारी बसू देत नाहीत!” चौक हसून हसून लोटपोट. शिट्ट्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी ते वाक्य पानाच्या टपरीवर, रिक्षा स्टँडवर, सगळीकडे. मला तर आई प्रथमच पुढारी वाटली.

त्यानंतरच्या रविवारी मात्र एक गोष्ट घडली, जी दर महिन्याला घडते आणि जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. वेदीपाशी जाऊन भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. त्याच्या आदल्या रविवारी पाळकसाहेब एक सूचना वाचतात. ज्यांचं कुणाशी वैर असेल, ज्यांनी कुणाचं मन दुखवलं असेल, त्यांनी आधी त्या माणसाकडे जाऊन समेट करावा आणि मगच वेदीपाशी यावं. स्टेशनवरच्या घोषणेसारखी ती आमच्या कानांवरून जाते. मंडळीत वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ एकाच वेळी वेदीपुढे गुडघे टेकतात, आणि कुणाला काही वाटत नाही. आई ती सूचना अक्षरशः पाळणाऱ्यांपैकी होती. शेजारणीशी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून वाजलं, तरी पहिल्या रविवारच्या आत ती त्या घरी जाऊन यायची. मी त्या सवयीला हसायचे.

तो आठवडाभर प्रचार चालूच राहिला. शनिवारी संध्याकाळी तिनं साडी बदलली आणि मला म्हणाली, “चल माझ्याबरोबर. मळ्यात जायचंय.”

मला क्षणात कळलं. मी तिला किती परीनं सांगितलं. आता नको, मतदान होऊ दे, मग हजारदा जा. ती चप्पल घालत म्हणाली, “मतदान बुधवारी आहे. प्रभुभोजन उद्या आहे.”

मळ्यातल्या घरापुढे मांडव घातलेला होता. दोन जीप उभ्या, कार्यकर्त्यांच्या पंगती बसलेल्या. आम्ही शिरलो तसे सगळ्यांचे घास हातात राहिले. उमेदवाराचा नवरा धावत पुढे आला. “या बाई, या या!” त्याला काय करावं ते सुचत नव्हतं. आई म्हणाली, “तुमच्याकडे काम नाही. ती कुठंय?” आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. उद्याची नगरसेविका आपल्याच कार्यकर्त्यांसाठी भाकऱ्या थापत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आईला पाहून ती पिठाच्या हातानंच उभी राहिली.

“मी चौकात तुझ्याबद्दल बोलले ते वाईट बोलले,” आई म्हणाली. “तुझ्या मुलांच्या कानावर गेलं असेल. माझं चुकलं. मला माफ कर.”

“बाई, तुमी कशाला आल्या?” ती घाबरून दाराकडे बघत होती. “एवढी माणसं बसल्यात. लोक काय म्हनतील?”

“लोकांचं लोक बघतील. तू माफ केलंस का ते सांग.”

तिनं मान हलवली. डोळे भरून आले होते तिचे. मग हात धुऊन ती लगबगीनं कपाटाशी गेली. कुंकवाचा करंडा काढला, काहीतरी आठवून परत ठेवला. घरी आलेल्या सवाष्णीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, हा तिच्यापुढचा प्रश्न. शेवटी तिनं एक खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ आणून आईची ओटी भरली. आमच्यात ओटी भरत नाहीत. आई एक पळभर थांबली. पण माफी मागायला येऊन माफ करणारीचा हात मागे सारायचा, हे तिच्या हिशेबात बसेना. तिनं पदर पुढे केला.

आणि तशीच, पदरात नारळ आणि हातात खण घेऊन, ती त्या भरल्या मांडवातून बाहेर आली.

पुढचं सांगायला नकोच. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बाई मॅनेज झाली. बाईंनी पाठिंबा दिला. ओटी भरून घेतली, आता ओटीत नारळाखाली काय होतं ते कुणी पाहिलंय? कार्यकर्त्यांनी ती संधी सोडली असती तर ते कार्यकर्ते कसले? टपरीवरचे लोक म्हणत होते, बाईंना मळ्यातून नारळ दिला. दुसऱ्या दिवशी आई वेदीपाशी गेली, भाकर आणि द्राक्षारस घेतला आणि परत येऊन बसली. तिचा चेहरा इतका निवांत मी निवडणूक लागल्यापासून पाहिला नव्हता. बाहेर कंपाउंडात सेक्रेटरी लालबुंद होऊन उभे होते. “जायचं होतं तर मतदानानंतर जायचं! आणि वर ओटी? तुम्ही ख्रिस्ती आहात ना?” आई म्हणाली, “पुढच्या महिन्यात मला तुमच्याकडे यायला लागेल असं काही बोलायला लावू नका.” मला हसू आलं आणि रडूही आलं.

ती हरली, आणि थोडक्यात हरली. मळ्यातल्या बायकांनी तिला मतं दिली नाहीत, ते समजण्यासारखं होतं. पण आमच्याही कितीतरी लोकांनी मत वाया नको म्हणून दुसरीकडे दिलं. नंतर काही वर्षं मंडळीत कुठलीही गोष्ट बिघडली की तिचं मूळ त्या शनिवारात सापडायचं. आईनं एकदाही कैफियत मांडली नाही. क्लास चालू राहिला. मळ्यातली आता नगरसेविका झाली होती, नवरा तिच्या नावानं वॉर्ड चालवत होता. रस्त्याचा विषय मागे पडल्यासारखा झाला आणि आम्ही तो विसरलो. आई विसरली नसावी.

मधल्या काळात हवा बदलली. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातून प्रार्थनाघरांवर दगड पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. नाताळात गाणी म्हणत घरोघर जायचं तर आधी पोलिसांना कळवा, असं कमिटीनं ठरवलं. शाळेत एका सहकारी बाईंनी मला अगदी प्रेमानं विचारलं, “तुम्ही मूळच्या कोण?” मी म्हटलं, नाशिकची. लोकसभा-विधानसभेचे पाहुणे मात्र येत राहिले, आणि भिंतही.

मग एके संध्याकाळी नगरसेविका आमच्या घरी आली. एकटी, रिक्षानं. क्लास सुटला होता, आई खाली पडलेल्या चिंध्या गोळा करत होती. ती मशीनजवळच्या स्टुलावर बसली, क्लासात बसायची तशीच.

“बाई, आज सभा झाली. कबरस्तानाचा रस्ता मंजूर झाला.”

आईनं चिंध्या खाली ठेवल्या.

“मला ठाऊक होतं विषय येनार. घरून दोन वाक्यं पाठ करून गेले होते. नंबर वाचला, कुनीतरी मंजूर म्हनलं, की पुढचा नंबर. मी हात वर करायला गेले अन् माझं तोंडच उघडलं नाय, बाई.” ती रडायला लागली. “लय लाज वाटली. तुमच्या कानावर दुसऱ्याकडून जायला नको म्हनून आले.”

आईनं विचारलं, “मी असते तिथं, तर?”

त्या बाईला खोटं बोलता आलं असतं. सगळ्यांनी तेच केलं असतं. ती पदरानं नाक पुसत म्हणाली, “तुमी असत्या तर वळला असता. पलीकडं मोकळंच रान हाय. आजच्याच सभेत एकानं आरडाओरडा केला, तर त्याच्या मंगल कार्यालयापासून रस्ता वळवला त्यांनी.”

आईनं तिला पाणी दिलं, फाटकापर्यंत सोडलं. परत येऊन उरलेल्या चिंध्या उचलल्या. चौकातलं ते वाक्य खरं होतं. ज्या वाक्याची माफी मागायला ती गेली, तेच वाक्य तिच्या पोराच्या कबरीवरून जाणार होतं. हे तिला माझ्याआधी कळलं असणार. मला ते त्या संध्याकाळी कळलं आणि मी मागच्या खोलीत जाऊन रडले.

कमिटीची सभा झाली, प्रार्थनेनं सुरू झाली. सेक्रेटरी म्हणाले, वातावरण बरं नाही, विरोध करून डोळ्यावर यायला नको, आणि पर्यायी जागा देतायतच ना. ठराव एकमतानं झाला. आई सभेला आली नव्हती. ज्यांना आपल्या कबरी हलवायच्या असतील त्यांनी हलवाव्यात, असं ठरलं. आम्ही तिघं एका सकाळी गेलो. खणणाऱ्यानं हळूहळू खणलं. कंबरेएवढ्या खड्ड्यात मातीशिवाय काही निघालं नाही. दोन वर्षांच्या पोराचं इतक्या वर्षांत काय राहणार? तरी आईनं ती माती स्वतःच्या हातानं पांढऱ्या मांजरपाटात बांधली आणि कबरस्तानाच्याच पूर्वेच्या कडेला नवीन खड्ड्यात ठेवली. वडील पहिल्यांदाच ‘बघू’ म्हणाले नाहीत. ते आईचा खांदा धरून उभे राहिले. रस्ता झाला. चांगला झाला, गरजेचाही होता. मी रोज शाळेला त्यावरूनच जाते.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. प्रभुभोजनाच्या वेळी आमची रांग उठली. आई उठली नाही. तिनं गुडघे एका बाजूला घेतले आणि आम्हाला जायला वाट करून दिली. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. ती उपासनेला वेळेवर यायची, गाणी मोठ्यानं म्हणायची, दानपेटीत पैसे टाकायची, आणि सगळे वेदीकडे निघाले की गुडघे बाजूला घ्यायची. ज्या बाईनं एका प्रभुभोजनासाठी निवडणूक घालवली ती आता बसून राहते, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

वर्ष होत आलं तेव्हा पाळकसाहेब घरी आले. हे नवीन होते, तरुण आणि मनाचे चांगले. चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला. “मावशी, मला मागचं सगळं कळलंय. त्या बाईंवरचा तुमचा राग मी समजू शकतो. पण तेव्हा गेला होतात तशा पुन्हा एकदा त्यांच्याकडे जाऊन या. मी येतो हवं तर बरोबर.”

“तिच्यावर माझा राग नाही,” आई म्हणाली. “ती परवाच येऊन गेली. मेथीची जुडी देऊन गेली.”

“मग कमिटीवर?”

“छे. त्यांच्यावर कसला राग.”

पाळकसाहेब गोंधळले. “मग वेदीपाशी यायला हरकत काय आहे?”

आई बॉबिन भरत होती. ते तिनं थांबवलं. “मी सांगितल्यासारखी वागले,” ती म्हणाली. “‘आधी समेट कर’ असं प्रभू म्हणाला, मी केला. आणि त्यानं माझं पोर रस्त्याखाली घातलं. आता ज्याच्याशी माझं भांडण आहे त्याच्याच पंगतीला मी कशी बसू?”

पाळकसाहेबांनी बायबल उघडलं होतं, ते मिटलं. आणि ते उठले. आमच्या घरून प्रार्थना न करता निघालेले पाळक मी तेवढे एकदाच पाहिले.